डिंगी रेसमध्ये बोट कुठे ठेवायची: नवीन लोकांसाठी स्टार्टपासून फिनिशपर्यंत

ज्यांना डिंगी (छोटी शिडाची बोट) चालवता येते, टॅक (नाक वाऱ्यातून पलीकडे नेत वळणं) जमतो, जाइब (मागची बाजू वाऱ्यातून नेत वळणं) करताना बोट उलटत नाही, पण रेसला उतरलं की पहिल्या दोन मिनिटांत सगळे पुढे निघून जातात आणि नेमकं काय झालं तेच कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझं मत सरळ आहे, सुरुवातीला स्पीडच्या मागे लागू नका, बोट कुठे आहे तिकडे लक्ष द्या. एकाच क्लासच्या बोटी असतील तर मोकळ्या वाऱ्यात त्यांच्या स्पीडमध्ये फार फरक नसतो, पण दुसऱ्याच्या शिडाआड अडकलेली बोट कितीही चांगला सेलर बसवला तरी रखडतेच. आणि चांगली जागा आयत्या वेळी मिळत नाही, त्यासाठी सतत एक प्रश्न डोक्यात चालू ठेवावा लागतो: अजून एका मिनिटाने मी कुठे असेन, शेजारी कोण असेल, आणि तेव्हा हक्क कुणाचा असेल? खालचं सगळं याच प्रश्नाभोवती आहे.

आधी नियम, पण कामापुरते

वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेचं रेसिंग रूल्सचं पुस्तक दर ४ वर्षांनी बदलतं, सध्या २०२५ ते २०२८ चं चालू आहे. ते पूर्ण पाठ करायची गरज नाही पण काही गोष्टी झोपेतही आठवल्या पाहिजेत. दोन बोटी वेगवेगळ्या टॅकवर असतील तर पोर्टवाल्याने (वारा डावीकडून येतोय) स्टारबोर्डवाल्याला (वारा उजवीकडून येतोय) वाट द्यायची, हा नियम १०. दोघी एकाच टॅकवर आणि ओव्हरलॅप असेल (म्हणजे कुठलीच दुसरीच्या पूर्ण मागे नसेल) तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा येतो तिकडे, असलेल्या बोटीने खालच्या बोटीपासून लांब राहायचं, हा ११. ओव्हरलॅप नसेल तर मागच्याने सांभाळायचं, १२. टॅक करताना बोटीचं नाक वाऱ्याच्या पलीकडे गेलं की नवीन टॅकवर क्लोज हॉल्ड (शीड ओढून वाऱ्याच्या शक्य तितकं जवळ चालणं) होईपर्यंत तुम्हीच बाकीच्यांना सांभाळायचं, १३. आणि हक्क तुमचा असला तरी टाळता येण्यासारखी धडक टाळायचीच, तो १४.

चूक झाली आणि तुम्हाला स्वतःला कळलं तर लगेच मोकळ्या जागी जाऊन दोन पूर्ण चकरा मारायच्या, प्रत्येक चकरेत एक टॅक आणि एक जाइब. मार्कला (वळसा घालायच्या बॉयाला) बोट घासली तर एक चकर. नवीन लोक चकरा मारायला लाजतात, तसं करू नका, दोन चकरांत थोडं अंतर जातं पण प्रोटेस्ट (नियमभंगाची तक्रार) हरलात तर अख्खी रेस जाते. आणि सगळे खेळाडू प्रामाणिकपणे चकरा मारतात म्हणूनच पाण्यावर पंच नसतानाही हा खेळ चालतो, याचं मला खरंच कौतुक आहे.

स्टार्टच्या आधीची वीस मिनिटं

लवकर पाण्यात उतरा. शेवटच्या क्षणी धावत आलेल्या माणसाला वारा काय करतोय ते माहीतच नसतं आणि मग तो बाकीच्यांच्या मागे मागे जातो.

सगळ्यात आधी सेलिंग इन्स्ट्रक्शन्स वाचलेल्या असू देत, कोर्स कुठला, मार्क कुठल्या बाजूला ठेवायचे, स्टार्टचा क्रम काय. नेहमीचा क्रम ५-४-१-० असा असतो, म्हणजे ५ मिनिटं आधी क्लासचा झेंडा वर, ४ मिनिटं आधी प्रिपरेटरी झेंडा वर, १ मिनिट राहिलं की तो खाली, आणि क्लासचा झेंडा खाली आला की स्टार्ट. छोट्या रेसमध्ये कधीकधी यापेक्षा छोटा क्रम ठेवतात म्हणून आधी बघून घ्या. वेळ झेंड्यावरून धरायची, आवाजावरून नाही, हॉर्न उशिरा वाजला किंवा वाजलाच नाही तरी झेंडा खाली आला म्हणजे सुटलं. प्रिपरेटरी कुठला लागलाय तेही बघा, काळा झेंडा असेल तर शेवटच्या मिनिटात स्टार्ट लाइन आणि पहिला मार्क यांच्यामधल्या त्रिकोणात सापडलात की ती रेस गेलीच, परत येऊन उपयोग नाही.

मग लाइन बघायची. लाइनच्या मधोमध जाऊन बोट सरळ वाऱ्यात उभी करा, शीड मधोमध फडफडू दे, आणि नाक कुठल्या टोकाकडे जास्त झुकलंय ते बघा. ज्या टोकाकडे झुकलंय ते टोक वाऱ्याच्या जास्त वर आहे, म्हणजे तिथून पहिला मार्क जवळ. हा फरक किरकोळ वाटतो पण हिशोब करून बघा, लाइन १०० मीटरची आणि ५ अंशांनी तिरकी असेल तर चांगल्या टोकाचा माणूस वाऱ्याच्या दिशेने जवळपास ९ मीटर पुढून सुरुवात करतो, ४ मीटरच्या डिंगीच्या दोन लांब्या इथेच झाल्या.

तिसरं काम ट्रान्झिट. लाइनच्या एका टोकाच्या जरा बाहेर उभे राहून दुसऱ्या टोकाच्या रेषेत पलीकडच्या किनाऱ्यावर काय दिसतंय ते लक्षात ठेवा, एखादं झाड, टॉवर, काहीही. रेषेत आलं की तुम्ही लाइनवर आहात. हे फार कमी नवीन लोक करतात आणि याचा फायदा प्रचंड आहे, कारण लांब लाइनवर मधल्या बोटींना आपण लाइनच्या पुढे आहोत असं उगाच वाटत राहतं आणि सगळे मिळून एक-दोन लांब्या मागे थांबतात. तुमच्याकडे ट्रान्झिट असेल तर तेवढी आघाडी तुम्हाला फुकट मिळते. फक्त बाकीच्या बोटींची शिडं आड आली तर ते दिसणार नाही, म्हणून शक्य असेल तर दोन्ही टोकांकडून एकेक खूण ठरवून ठेवा.

आणि एकदा वरपर्यंत नाही तरी निदान तीन-चार मिनिटं दोन्ही टॅकवर चालवून बघा, वारा डावी-उजवी झोके घेतोय की हळूहळू एकाच बाजूला सरकतोय. कंपास नसेल तर क्लोज हॉल्डवर नाक किनाऱ्याच्या कुठल्या खुणेवर येतंय ते बघत राहा. भरती-ओहोटीचा किंवा नदीचा प्रवाह असेल तर मार्कच्या बॉयाकडे बघा, पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते त्याच्यामागच्या रेघेवरून लगेच कळतं.

स्टार्ट

नवीन माणसाने लाइनच्या सगळ्यात भारी टोकाला जायचा मोह टाळावा असं मला मनापासून वाटतं. तिथे सगळे चांगले सेलर्स कोंबलेले असतात, त्यातला एकच जण मस्त सुटतो आणि बाकीचे सगळे त्याच्या उष्ट्या वाऱ्यात बसतात. चांगल्या टोकापासून थोडं आत, जिथे दोन बोटींमध्ये भोक दिसतंय तिथे या. तिथून पहिला नंबर कदाचित नाही मिळणार पण मोकळा वारा मिळेल, आणि तोच हवाय.

लाइनच्या कमिटी बोटीच्या (रेस चालवणाऱ्यांच्या बोटीच्या) टोकाला एक खास सापळा आहे. वरून तिरकं येऊन कमिटी बोट आणि खालची बोट यांच्या मधे घुसायचं, याला बार्जिंग म्हणतात. मार्कला जागा मागायचा नियम स्टार्ट मार्कला लागू नसतो, खालच्या बोटीने वर चढून दार बंद केलं तर तुम्हाला ओरडायचा काही हक्क नाही, एक तर कमिटी बोटीला धडकाल नाहीतर बाहेरून फिरून परत यावं लागेल. त्या टोकाला जायचंच असेल तर खालून क्लोज हॉल्डच्या रेषेत या.

शेवटच्या मिनिटात स्टारबोर्ड टॅकवर असा, शीड ढिलं सोडून बोट जवळपास थांबवा, आणि तुमच्या खालच्या बाजूला, म्हणजे लीवर्डला, एक मोकळी जागा तयार करा. ही जागा म्हणजे तुमची धावपट्टी आहे. नाक थोडं थोडं वर घेऊन वरच्या बोटीला वर ढकलत राहिलं की ती तयार होते, फक्त हळू, दुसऱ्याला सांभाळायला वेळ मिळेल इतकं हळू. खाली जागा असेल तर शेवटच्या काही सेकंदांत थोडं खाली येऊन शीट (शिडाची दोरी) ओढता येते, बोट पळायला लागते आणि झेंडा खाली येताना तुम्ही पूर्ण स्पीडमध्ये असता. जागा नसेल तर खालच्या बोटीवर पडाल किंवा नाक वर करून उभे राहाल. कधी शीट ओढायची हे प्रत्येक बोटीचं आणि वाऱ्याचं वेगळं असतं, हलक्या वाऱ्यात आधी, जोराच्या वाऱ्यात उशिरा, त्यामुळे रेसच्या आधी एखाद्या बॉयाजवळ थांबलेल्या बोटीला स्पीड पकडायला किती सेकंद लागतात ते मोजून ठेवा.

एक्स झेंडा आणि एक हॉर्न आला तर कुणीतरी लवकर सुटलंय. तुम्ही असाल अशी खात्री असेल तर लगेच परत फिरा, फिरताना सगळ्यांना वाट द्यायची. स्टार्ट बोटीच्या हलवरून (बोटीच्या मुख्य सांगाड्यावरून) धरतात, म्हणजे हलचा कुठलाही भाग लाइनच्या पुढे असेल तर तुम्ही पुढे.

पहिली दोन मिनिटं: मोकळा वारा

दुसऱ्या बोटीच्या जवळ तीन जागा वाईट असतात. एक, तिच्या अगदी खाली, तिच्या शिडाची सावली पडते तिथे. दोन, तिच्या बरोबर मागे. तीन, आणि ही लोकांच्या लक्षात येत नाही, तिच्या जरा मागे आणि थोडं वरच्या बाजूला, कारण तिच्या शिडावरून वळून आलेला वारा तुमच्या शिडावर चुकीच्या कोनातून येतो आणि तुम्ही हळूहळू खाली सरकत जाता. या तिसऱ्या जागेत तुम्हाला टाकणाऱ्या बोटीने तुमचा लीबो केला असं म्हणतात.

चांगली जागा कुठली? तुम्ही पुढे आणि थोडे खाली, किंवा शेजारी पण भरपूर वर. स्टार्टनंतर आपण यापैकी कुठल्या जागेत आहोत हे लगेच ओळखायचं. वाईट जागेत असाल तर लवकर टॅक करून बाहेर पडा, "बघू थोडं, कदाचित सुटेल" असं म्हणत अर्धा लेग (दोन मार्कमधला टप्पा) उष्टा वारा खात बसणं हा नंबर घालवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. पण टॅक करण्याआधी वरच्या बाजूला बघा, तिथे स्टारबोर्डवाल्यांची रांग असेल तर पोर्टवर गेल्यावर प्रत्येकाच्या मागून जावं लागेल. एक-दोघांच्या मागून जाऊन पलीकडे मोकळं पाणी मिळत असेल तर मात्र बिनधास्त जा.

पोर्टवर असताना समोरून स्टारबोर्ड आली तर

घाबरून आयत्या वेळी टॅक करणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आधी ठरवा, पुढून जाता येईल का. समोरच्या बोटीच्या मागचा किनारा बघा, तिच्या नाकाच्या पुढे किनारा अजून अजून उघडा पडत असेल तर तुम्ही पुढून जाताय, तिचं नाक किनारा झाकत पुढे सरकत असेल तर ती पुढून जाणार, आणि दोन्ही होत नसेल तर टक्कर ठरलेली आहे. थोडी जरी शंका असेल तर मागून जा. मागून जायचं ते लवकर ठरवून, तीन-चार लांब्या आधी शीट ढिली सोडून थोडं खाली वळायचं, स्पीड वाढू द्यायचा, आणि तिची मागची बाजू ओलांडताना तुम्ही परत शीट ओढून वर चढत असायला हवं. असं केलं तर जेमतेम एक लांबी जाते, उशिरा झटका देऊन केलं तर तीन जातात आणि समोरचा ओरडतो ते वेगळं. हलक्या वाऱ्यात मला टॅकपेक्षा मागून जाणं नेहमीच स्वस्त वाटतं, कारण तिथे एका टॅकला एक-दोन लांब्या सहज जातात.

वारा फिरला की

वरच्या लेगवर खरा खेळ हा आहे. क्लोज हॉल्ड चालताना वारा नाकाकडे सरकला आणि तुम्हाला खाली यावं लागलं तर तो हेडर, उलट वर चढता आलं तर लिफ्ट. झोके घेणाऱ्या वाऱ्यात साधा नियम, लिफ्ट मिळाली की त्याच टॅकवर चालत राहा, चांगला हेडर आला की टॅक करा. प्रत्येक बारीक थरथरीला मात्र टॅक करू नका, पाच-सहा सेकंद थांबा, खरंच वारा फिरलाय की नुसता मंदावलाय ते बघा, कारण वारा मंदावला तरी काही क्षण हेडर आल्यासारखंच वाटतं.

याचा फायदा किती, तर दोन बोटी बरोबरीत आहेत पण आडव्या एकमेकींपासून १०० मीटर लांब आहेत आणि वारा १० अंश फिरला, तर ज्या बाजूला फिरला त्या बाजूची बोट चालायच्या अंतरात जवळपास २५ मीटर पुढे जाते. नुसत्या स्पीडवर एका लेगमध्ये २५ मीटर काढायला बघा म्हणजे कळेल.

याच आकड्याची दुसरी बाजू अशी की वारा उलट फिरला तर तितकंच नुकसान. म्हणून एकदम कोपऱ्यात जाऊ नका. मार्ककडे जाणारी शेवटची सरळ रेषा, म्हणजे लेलाइन, त्यावर फार लवकर पोचलात की तुमचे पर्याय संपतात, लिफ्ट आली तर तुम्ही उगाच जास्त लांब आलात, हेडर आला तर आतल्या सगळ्या बोटी फायद्यात, आणि वरून कुणीही पुढे येऊन टॅक केला की त्याचा उष्टा वारा मार्कपर्यंत खायचा. मधल्या भागात राहा, ज्या बाजूला वारा जास्त दिसतोय, पाणी जास्त काळं दिसतंय, त्या बाजूला थोडं झुकून राहा. आधी मार्ककडे जास्त नेणारा टॅक म्हणजे लांब टॅक चालायचा, हेही जवळपास नेहमी बरोबर ठरतं. वारा एकाच बाजूला सरकत जाणार अशी खात्री असेल तेव्हाच त्या बाजूला आधी जा.

वरचा मार्क

मार्क डावीकडे ठेवायचा असेल तर शेवटचा भाग स्टारबोर्डवर या. पोर्टवरून येऊन मार्कजवळच्या स्टारबोर्डच्या रांगेत भोक शोधणं नवीन माणसाने करूच नये. मार्कभोवती तीन हल-लांब्यांचा झोन असतो आणि झोनमध्ये पोर्टवरून टॅक करून तुम्ही स्टारबोर्डवर आलात आणि आधीपासून स्टारबोर्डवर असलेल्या बोटीला तुमच्यामुळे क्लोज हॉल्डच्या वर चढावं लागलं, तर चूक तुमची. मार्कपासून दहा-बारा लांब्या आधीच रांगेत या. गर्दी असेल तर लेलाइनच्या एखादी लांबी वर राहा, खराब वाऱ्यात आणि खवळलेल्या पाण्यात बोट नेहमीपेक्षा खाली घसरते आणि मार्कच्या जेमतेम खाली अडकणं फार महागात पडतं. प्रवाह तुम्हाला खाली ढकलत असेल तर अजून जास्त वर.

खाली जाताना

इथे वारा मागून येतो म्हणून मागची बोट तुमचा वारा खाते. मागे बघायची सवय लावा, तुमच्या डोलकाठीवरच्या वाऱ्याच्या खुणेचं टोक मागच्या बोटीकडे दाखवत असेल तर तुम्ही तिच्या सावलीत आहात, थोडं बाजूला सरका. वारा वाढला की थोडं खाली चालवा, मंदावला की थोडं वर, म्हणजे झोत तुमच्याबरोबर जास्त वेळ राहतो. रीचवर (वारा बाजूने येत असताना) वरच्या बोटीशी भांडत वर वर जाऊ नका, दोघं मिळून सरळ रेषा सोडून जाता आणि खालून तिसरा निघून जातो.

खालचा मार्क

झोनमध्ये शिरताना ओव्हरलॅप असेल तर आतल्या बोटीला जागा द्यावी लागते. म्हणून लेगच्या अर्ध्यातच ठरवा की मार्कला आपण आतल्या बाजूला कसे पोचू. जमत नसेल आणि चार-पाच बोटी एकदम येत असतील तर त्यांच्या बाहेरून मोठा गोल मारू नका, त्यापेक्षा स्पीड कमी करा, त्यांना जाऊ द्या आणि त्यांच्या मागून मार्कला चिकटून वळा. बाहेरून गेलेला उष्ट्या वाऱ्यात बाहेर पडतो, थांबलेला मोकळ्या वाऱ्यात. वळण सुरू करताना मार्कपासून थोडं लांब, संपवताना अगदी जवळ, म्हणजे वळून वर निघताना तुम्ही कुणाच्या खाली नसता.

पुढे असाल तर

पुढे गेल्यावर मागच्याला विसरू नका. मागची बोट आणि पुढचा मार्क यांच्या मधे राहायचं, तो ज्या बाजूला जाईल त्या बाजूला तुम्हीही थोडं जायचं, याला कव्हर म्हणतात. घट्ट कव्हर म्हणजे मुद्दाम त्याचा वारा अडवत बसणं, सैल कव्हर म्हणजे नुसतं मधे राहणं, आणि साध्या रेसमध्ये सैलच पुरतं, कारण एकाला दाबत बसलात तर बाकीचे दुसऱ्या बाजूने निघून जातात. घट्ट कव्हर कधी, तर फक्त एकाच बोटीशी हिशोब उरलेला असतो तेव्हा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये लेझर क्लासच्या शेवटच्या रेसमध्ये ब्रिटनच्या बेन एन्स्लीने ब्राझीलच्या रॉबर्ट शाइटला असंच मागे धरून ठेवलं आणि सुवर्ण नेलं. त्याच्या आधी १९९६ ला उलट झालं होतं, शेवटच्या रेसच्या काळ्या झेंड्याच्या स्टार्टला दोघंही लवकर सुटून बाद झाले आणि आधीच्या गुणांवर सुवर्ण शाइटला मिळालं. दोन्ही वेळा हिशोब रेसचा नव्हता, पूर्ण सिरीजचा होता.

फिनिश

इथे पुष्कळ लोक फुकट नंबर घालवतात. वाऱ्याकडे चढत फिनिश असेल तर लाइनचं जे टोक वाऱ्याच्या जास्त खाली आहे ते जवळ. म्हणजे स्टार्टचीच लाइन फिनिशला वापरत असतील आणि वारा तोच असेल तर स्टार्टला जे टोक भारी होतं त्याच्या विरुद्ध टोकाकडे जा. ओळखायचं कसं, तर शेवटच्या टप्प्यात ज्या टॅकवर लाइन तुम्हाला जास्त आडवी, काटकोनात येते, तो टॅक धरा, आणि लाइनच्या मधल्या भागाकडे न जाता जवळच्या टोकाजवळून पार करा. हलचा कुठलाही भाग लाइनला लागला की फिनिश झालं, पूर्ण बोट पलीकडे नेलीच पाहिजे असं नाही, पण लाइन लगेच मोकळी करा आणि अजून रेसमध्ये असलेल्यांच्या वाऱ्यात येऊ नका.

कुणी तुमच्याशी नियम मोडला असं वाटलं असेल तर घटना घडते त्याच क्षणी मोठ्याने "प्रोटेस्ट" म्हणायला हवं, किनाऱ्यावर आल्यावर आठवून चालत नाही. ६ मीटरपेक्षा छोट्या बोटींना लाल झेंडा लावायची सक्ती नाही, हाक पुरते. आणि बोट आवरून झाली की तुमच्या पुढे आलेल्या माणसाला जाऊन विचारा की पहिल्या लेगवर तू कुठल्या बाजूला गेलास आणि का, डिंगीवाले हे सांगायला कधीच कंटाळत नाहीत.